मातकट अभिरुची आणि गावकुसाबाहेरचे घर

१

अभिरुची कोणाच्या मालकीची असते, हा प्रश्न दलित साहित्याने मराठी समीक्षेला विचारला त्याला आता अर्धे शतक उलटून गेले. मात्र त्या प्रश्नाची चर्चा बहुतेक कवितेच्या भाषेभोवती, कथेतील शिव्यांभोवती आणि आत्मकथनांतील दारिद्र्याच्या चित्रणाभोवतीच फिरत राहिली. घराच्या भिंतीला कोणता रंग असावा, जमिनीवर काय अंथरावे, मांडणीवर काय ठेवावे, हा विषय हौसेचा किंवा पैसेवाल्यांचा म्हणून बाजूला राहिला. परंतु घर कोठे बांधावे, कशाचे बांधावे, कोणत्या भांड्यात शिजवावे आणि कोणता काठ नेसावा हे ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवून दिले, त्या समाजाला घराच्या रंगाचा प्रश्न क्षुल्लक मानणे परवडणारे नाही. सौंदर्याची सत्ता महाकाव्यांत असते तशी ती दिवाणखान्यातही असते.

गेल्या काही वर्षांत गृहसजावटीच्या लेखनाने एक रंगमाला प्रमाण म्हणून प्रस्थापित केली आहे. साय, बदामी, वाळू, भुरा, मातकट, गेरू, तपकिरी. या रंगांना 'उबदार तटस्थ रंग' असे म्हणतात. त्यांच्या जोडीला 'पोतांचे थर' असावेत असा दंडक आहे: तागाच्या पट्टीवर लोकरीचे जाजम, वेताची खुर्ची, खुर्चीवर हातशिलाईची गोधडी, कोपऱ्यात खडबडीत मडके, मागे चुन्याचा गिलावा केलेली भिंत. अमेरिकेतील पॅन्टोन ही कंपनी दरवर्षी एक रंग 'वर्षाचा रंग' म्हणून जाहीर करते. २०२५ साठी तिने 'मोका मूस' नावाचा तपकिरी रंग निवडला, २०२६ साठी 'क्लाउड डान्सर' नावाचा पांढरा. या दोन टोकांच्या मध्ये ही सगळी रंगमाला येऊन बसते. मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींतील नमुना-घरे आणि रविवारच्या पुरवण्यांतील छायाचित्रे याच रंगांत न्हालेली दिसतात.

या अभिरुचीमागे एक खरे तंत्र आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. खोलीतील सर्व रंग एकाच कुळातले ठेवले की डोळ्याला रंगांत फरक सापडत नाही. मग तो फरक पृष्ठभागात शोधू लागतो. तागाचा खरबरीतपणा, लोकरीचा दाटपणा, कच्च्या मातीने शोषून घेतलेला उजेड आणि पितळेने परत फेकलेला उजेड असे बारकावे दिसू लागतात. २७०० केल्विनच्या आसपासचा पिवळसर दिवा तिरपा टाकला की विणीतील प्रत्येक गाठ आपली सावली पाडते. खोली शांत वाटते. हे सौंदर्य खोटे नाही आणि ते नाकारणे हा या लेखाचा हेतू नाही. प्रश्न असा आहे की ही शांतता कोणाच्या खर्चाने मिळते, आणि तिला एकमेव सुसंस्कृत अभिरुची म्हणून मिरवण्याचा अधिकार कोणी दिला?

२

प्रथम 'तटस्थ' हा शब्द पाहू. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. प्रवाहात न उतरलेला. आमच्या कानाला हा शब्द वेगळा लागतो. महाडच्या चवदार तळ्याच्या काठाशी अस्पृश्य पिढ्यान्पिढ्या थांबला तो तटस्थ होता म्हणून नव्हे. पाण्याला हात लावण्याची त्याला मनाई होती म्हणून. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले तरी काठ आणि पाणी यांतील अंतर २० मार्च १९२७ पर्यंत तुटले नाही. तेव्हा तटावर उभे राहणे ही एकाची वृत्ती असू शकते आणि दुसऱ्याची शिक्षा. रंगाच्या बाबतीतही तसेच आहे.

मराठी गावगाड्याच्या बोलीत मातीला दोन रंग आहेत. काळी म्हणजे कसण्याची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात ही काळी-पांढरीची व्यवस्था सविस्तर आली आहे. या पांढरीभोवती गावकूस असे आणि कुसाबाहेर महारवाडा, मांगवाडा. महाराने काळीत राबायचे, पण वतनाचा तुकडा सोडला तर काळी त्याची नाही. वेसकर होऊन त्याने पांढरीची राखण करायची, पण पांढरीत त्याचे घर नाही. ज्या भूमीत मातीचा रंगदेखील जातीने वाटून दिलेला आहे, तेथे मातकट रंगाला तटस्थ म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. तो रंग पाहताना एकाला सुटीतले गाव आठवते, दुसऱ्याला गावाबाहेरचे झोपडे आठवते. दोघांचेही आठवणे खरे आहे. छापून येते ते मात्र पहिल्याचे.

३

आता त्या थरांकडे वळू. सजावटीच्या लेखनात ज्यांना 'नैसर्गिक पोत' म्हणतात ते निसर्गात तयार मिळत नाहीत. बांबू निसर्गात असतो, सूप नसते. घायपात बांधावर उगवते, दोर उगवत नाही. प्रत्येक पोतामागे एक हात आहे आणि आपल्या समाजात प्रत्येक हाताला एक जात चिकटवलेली आहे. अंबाडी आणि घायपात कुजवून, ठेचून, वळून दोर, कासरा, शिंके करणारा मांग. बांबू चिरून टोपली, सूप, रोवळी, कणगी विणणारा बुरूड आणि कोकणात महार. मेलेले जनावर ओढणारा महार, त्याचे कातडे कमावणारा ढोर, ते शिवणारा चांभार. धनगराच्या मेंढीची लोकर मागावर घेऊन घोंगडी विणणारा सनगर. चुना भाजणारा लोणारी. मडके घडवणारा कुंभार. फाटलेल्या लुगड्यांचे थर एकावर एक टाकून गोधडी शिवणारी बाई तर सर्वच गरीब जातींत आहे. दिवाणखान्यातील थर उलगडत गेलो तर गावगाडाच हाती लागतो.

हा गावगाडा दिवाणखान्यात येताना त्याच्यावर एक संस्कार केला जातो. तो पाहायचा असेल तर या लेखनाचे व्याकरण तपासावे. 'हाताने विणलेले', 'उन्हात रापलेले', 'मातीत घडवलेले', 'पिढ्यान्पिढ्या जपलेले' असे शब्द त्यात सतत येतात. सगळी धातुसाधिते, सगळी कर्मणी. विणलेले आहे, विणणारा नाही. हात आहेत, त्या हातांचा माणूस नाही. वाक्यातून कर्ता काढून टाकला की त्याची जात, त्याची मजुरी, त्याच्या बोटांवरच्या चिरा आणि त्याच्या मुलाची बुडालेली शाळा हे सगळे एकदम निघून जाते. उरतो तो केवळ पोत. जातीने ज्याच्या हाताला अपवित्र म्हटले त्याच्याच हाताचे काम पवित्र, अस्सल आणि महाग ठरावे आणि तो स्वतः मात्र वाक्याबाहेर राहावा, ही जुनी बलुतेदारीच आहे. फक्त तिचा दरवाजा आता काचेचा झाला आहे.

गाईचेच उदाहरण घ्या. तिच्या शेणाने घर सारवले की घर शुद्ध होते. तीच गाय मेली की तिला हात लावणारा अशुद्ध होतो. शेण आणि कातडे एकाच जनावराचे, परंतु एकाने ब्राह्मणाचे घर पावन झाले आणि दुसऱ्याने माणसे गावाबाहेर गेली. आज सजावटीत शेणामातीचा आभास देणारी भिंत आहे आणि कमावलेल्या कातड्याची आरामखुर्चीही आहे. दोन्ही एकाच खोलीत, एकाच रंगात, सुखाने नांदतात. वस्तूंचा विटाळ संपला; माणसांचा संपला असे कोण म्हणेल? ज्या इमारतीत ही खुर्ची आहे त्याच इमारतीत भाडेकरू ठेवताना आडनाव विचारले जाते.

४

मातीचे घर आणि मातीचे भांडे ही दलितांच्या बाबतीत एकेकाळी निवड नव्हती, आज्ञा होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत जेवावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावी आणि लोखंडाचे दागिने घालावे असे सांगितले आहे. हे केवळ पोथीतच होते असे समजू नये. रामनाड जिल्ह्यात १९३० साली कल्लरांनी आदिद्रविडांवर जी बंधने लादली, त्यांत सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत याबरोबरच घरात मातीखेरीज दुसरी भांडी वापरू नयेत असेही एक बंधन होते. १९२८ साली इंदूर जिल्ह्यातील सवर्णांनी बलाई जातीला जे नियम घालून दिले त्यांत पुरुषांनी रंगीत काठाचे धोतर नेसू नये, स्त्रियांनी भारी लुगडी-चोळ्या घालू नयेत अशी कलमे होती. १९३५ साली अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावी अस्पृश्य बायांनी पाण्याला धातूची भांडी नेली म्हणून त्यांना मारहाण झाली. इंदूर आणि झानूच्या घटना बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' (१९३६) या भाषणात नोंदविल्या आहेत. महाराष्ट्राचे म्हणाल तर बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' उघडून पाहावे. महार बाईने लुगड्याचा काठ निऱ्यांखाली दडवून नेसावा, कारण काठ मिरवण्याचा अधिकार वरच्यांचा, ही रीत त्यांनी लिहून ठेवली आहे.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. मळकट, मातकट, काठ नसलेले, चकाकी नसलेले हे ज्याचे त्याच्या ऐपतीने ठरत नव्हते. ऐपत आल्यावरही ते सोडण्यास मनाई होती. रंग आणि चकाकी ही येथे दर्जाची चिन्हे होती आणि ती राखून ठेवलेली होती. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे, अस्पृश्यतेची ओळख पटविणारे जुने दागिने का टाकावे हे बारकाईने सांगितले. कायदेपंडिताने लुगड्याच्या लांबीवर बोलावे याचे ज्यांना नवल वाटते त्यांना या देशात जात डोळ्यांनी वाचली जाते हे उमगलेले नाही.

आता आपल्या वस्तीतले घर पाहा. भिंतीला चकचकीत तेलरंग, निळा किंवा पोपटी. मांडणीवर स्टीलची भांडी आरशासारखी उपडी घातलेली. काचेच्या कपाटात चषक, मुलाच्या पदवीचे छायाचित्र, प्लॅस्टिकची फुले. समोर बुद्ध आणि बाबासाहेब. अभिरुचीचे ठेकेदार याला 'भडक' म्हणतात. परंतु या प्रत्येक वस्तूला कारण आहे. एका खोलीत चूल आणि अंथरूण दोन्ही असली की भिंत काजळते. तेलरंग ओल्या फडक्याने पुसता येतो, चुन्याची भिंत पुसता येत नाही. स्टीलचे तर याहून खोल कारण आहे. शुद्धाशुद्धतेच्या शास्त्रात मातीचे भांडे विटाळले की फोडायचे, धातूचे घासून शुद्ध करता येते. ज्याच्या स्पर्शाने भांडी फोडली गेली त्याच्या घरात न फुटणारी, न शोषणारी, लखलखती भांडी रांगेने उभी राहतात तेव्हा ती नुसती भांडी नसतात. आणि निळा? तो शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या झेंड्याचा रंग आहे; जयंतीच्या कमानीचा आणि मोर्चाचा रंग आहे. तो भिंतीवर आला तो रंगांच्या तक्त्यातून आलेला नाही, चळवळीतून आला आहे.

५

शांत रंग सुसंस्कृतांचे आणि गडद रंग अडाण्यांचे, ही समजूत केवळ आपल्याकडची नाही. जर्मन कवी गटे याने १८१० च्या आपल्या रंगसिद्धान्तात रानटी लोक, अशिक्षित आणि मुले यांना भडक रंग आवडतात आणि सुसंस्कृत माणसे ते टाळतात असे मत मांडले होते. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड बॅचेलर यांनी २००० साली 'क्रोमोफोबिया' या पुस्तकात पाश्चात्त्य संस्कृतीने रंगाला परक्याचे, बायकी, पौर्वात्य, आदिम ठरवून कसे दूर ठेवले हे दाखविले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येर बोर्द्यू यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात अभिरुची ही वर्गाची ओळख पटविणारी आणि वर्ग टिकविणारी गोष्ट आहे असे विस्ताराने मांडले. आपल्याकडे यात वर्गाच्या जागी जात घालून वाचावे लागते इतकेच.

गरिबाच्या घराचा पोत उचलून श्रीमंताने त्याची रुची करावी, हीही रीत जुनी आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने व्हर्सायच्या बागेत १७८३ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या घरांचे एक खेडे बांधवून घेतले. भिंती जुन्या दिसाव्यात म्हणून नव्या गिलाव्यावर भेगा रंगवून घेतल्या. ज्या शेतकऱ्याच्या भिंतीला खरोखर भेगा होत्या तो पुढे सहा वर्षांनी काय करणार होता, हे सर्वांना ठाऊक आहे. सजावटीचे लेखन ज्या जपानी 'वाबी-साबी'चा, म्हणजे साधेपणातील आणि अपूर्णतेतील सौंदर्याचा, आज वारंवार हवाला देते, तिची घडण सोळाव्या शतकात चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू याने केली. त्याची चहाची खोली मातीच्या भिंतींची, दोन चटयांएवढी. पण त्याचा धनी सत्ताधीश हिदेयोशी. या हिदेयोशीची दुसरी चहाची खोली सोन्याने मढविलेली होती, आणि १५८८ साली शेतकऱ्यांच्या घरांतून तलवारी जप्त करविणाराही तोच. ज्याच्याजवळ सोन्याची खोली आहे त्यालाच मातीच्या खोलीत बसण्याची लज्जत कळते. ज्याच्याजवळ मातीचीच खोली आहे त्याला तीत पावसाचे पाणी दिसते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे दोन टोकांचे दोन नमुने उभे आहेत. एक सेवाग्रामची बापूकुटी, दुसरे दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह. १९३६ साली गांधी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. तेथील कुटी माती, बांबू, कवेलू यांची, भिंतीवर मीराबेनने मातीतच उठविलेली ताडाची झाडे, मोर, चरखा, जमिनीवर चटई. उबदार तटस्थ रंग आणि पोतांचे थर यांचा याहून निर्दोष नमुना शोधून मिळणार नाही. त्यामागची निष्ठा खरी होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या सेगावात अस्पृश्यांची वस्ती मोठी होती आणि त्यांचीही घरे मातीचीच होती. त्या घरांच्या दर्शनाला कोणी आले नाही. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्याने माती निवडली म्हणून ती माती तीर्थ झाली. ज्याला माती सोडताच येत नव्हती त्याची माती केवळ चिखल राहिली.

दुसरा बॅरिस्टर परळच्या बीआयटी चाळीतील दोन खोल्यांतून निघाला आणि त्याने १९३० नंतरच्या काही वर्षांत पक्क्या बांधकामाचे घर उभे केले. ग्रंथांसाठी जागा हवी म्हणून केले. नाव मगधाच्या प्राचीन राजधानीचे. त्या घरातला थर कशाचा? पुस्तकांवर पुस्तके, हजारोंनी. पोत कशाचा? पुठ्ठ्याचा, कातडी बांधणीचा, कागदाचा. महार जातीत जन्मलेल्या माणसाच्या घरात कातडे आले ते ग्रंथाच्या पाठीवर चढून आले! सुटाबुटातील या माणसाला साधेपणाचे उपदेश पुष्कळांनी केले. त्यांना हे कळले नाही की साधेपणा हा ज्याच्यावर लादलेला होता त्याने तो झुगारून देणे हे चैनीचे लक्षण नसते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या कौतुकाची त्यांनी जी संभावना केली तिचे मूळ याच अनुभवात आहे.

६

येथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. सिमेंट तापते, माती गार राहते. चुन्याची भिंत श्वास घेते. पर्यावरणाच्या दृष्टीने माती, बांबू, चुना हेच शहाणपणाचे. लॉरी बेकर यांनी केरळात अनेक वर्षे हेच करून दाखविले आणि तेही गरिबांच्या घरांसाठी. हे सारे खरे आहे. पण माती हा रंग नाही, ते काम आहे. दर पावसाळ्याआधी भिंती लिंपायच्या, पावसानंतर पोपडे बुजवायचे, दर आठ-पंधरा दिवसांनी सारवायचे. हे काम कोणी केले? बायकांनी केले, आणि फुकट केले. नव्या सजावटीत मातीचे हे काम वगळून मातीचा देखावा तेवढा घेतला जातो. बहुतेक 'मातीच्या' भिंती अॅक्रिलिकच्या लेपाच्या असतात. म्हणजे निसर्गाचे नाव आणि डब्यातले प्लॅस्टिक! जो खरोखर माती, चुना, बांबूकडे वळेल त्याने त्या कामाचे दाम आणि त्या कारागिराचे नाव यांची व्यवस्था आधी करावी. मग आमचे त्याच्याशी भांडण नाही. आणि मातीच्या घराची कविता करणाऱ्याने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाटही आठवावी. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरचे मातीचे जड धाबे यांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली.

थर देण्याची भाषा ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या घराचे क्षेत्रफळही विचारात घ्यावे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, म्हणजे २६९ चौरस फूट. यात स्वयंपाकाची जागाही धरलेली. पाच माणसांच्या कुटुंबात अंथरुणांचे थर सकाळी गुंडाळून कोठे ठेवायचे, हाच प्रश्न असतो. तेथे गोधडीवर गोधडी रचलेली असते ती डोळ्याला विसावा म्हणून नव्हे, जागा नाही म्हणून. त्याच घडीचे छायाचित्र दुसऱ्या घरात काढले की ती 'थरांची रचना' होते.

७

सजावटीच्या या शाळेने बुद्धाचेही असेच केले आहे. मातकट कोपऱ्यात, सुकवलेल्या गवताच्या शेजारी, बुद्धाचे नुसते मस्तक ठेवलेले दिसते. धड नाही, हात नाहीत, म्हणून मुद्रा नाही. मुद्रा नाही म्हणून धम्मचक्राचे प्रवर्तन नाही. ही मस्तके मुळात भग्न मूर्तींची, देवळा-विहारांतून तोडून बाजारात गेलेल्या शिल्पांची नक्कल आहे, हे ठेवणाऱ्याच्या गावीही नसते. शांततेचा तुकडा तेवढा हवा. ज्याने दुःखाचे कारण विचारले तो नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी ज्या बुद्धाला शरण जाऊन नवा जन्म घेतला तो बुद्ध असा मान कापलेला, वाळूच्या रंगाचा, तटस्थ नव्हता. आणि या कोपऱ्यात बाबासाहेबांना तर जागाच नसते. निळा कोट त्या रंगमालेत बसत नाही.

हे सारे परक्यांच्या घरापुरते असते तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण आपल्यातलाच शिकलेला, नोकरीला लागलेला तरुण आज सदनिका घेतो. सजावटकार त्याला सांगतो, दर्शनी भिंत मोकळी ठेवा, तसबीर आतल्या खोलीत शोभेल. तो ऐकतो. त्याला वाटते, आपण केवळ रंग जुळवीत आहोत. प्रत्यक्षात तो आडनाव लपवीत असतो. आई येते, पसारा पाहावा तसे त्या घराकडे पाहते, आणि तिची गोधडी मात्र नव्या खुर्चीवर ऐटीत पसरलेली तिला दिसते. गोधडी चालते, गोधडीवालीची तसबीर चालत नाही. हा जो तिढा आहे त्याला निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न म्हणता येणार नाही.

मग आपण माती, बांबू, गोधडी टाकूनच द्यायची काय? तसे म्हणणे म्हणजे मनूचे काम आपणच पुरे करणे. याचे उत्तर आपल्या साहित्यानेच देऊन ठेवले आहे. उर्मिला पवार यांनी २००३ साली आपल्या आत्मकथनाला 'आयदान' हे नाव दिले. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी. वडील वारल्यावर त्यांची आई रत्नागिरीकडच्या घरात बसून ती विणी आणि त्यावर मुलांचे शिक्षण करी. आईची ती वीण आणि आपले लिहिणे यांत लेखिकेने एकच धागा पाहिला. येथे पोत आहे, थर आहेत, बांबूचा भुरा रंग आहे. पण येथे विणणारी आहे. तिचे नाव आहे, तिचे बोट चिरले आहे, सुपाला किती मिळाले ते आहे, त्यातून आलेली वही आहे. तेच आयदान, जे सजावटीच्या छायाचित्रात मुके असते, ते येथे बोलते. सौंदर्य कमी झाले काय? उलट वाढले.

दलित सौंदर्यशास्त्राची कसोटी घराच्या बाबतीतही हीच असली पाहिजे. एखाद्या पोतापुढे उभे राहून तीन गोष्टी विचाराव्यात. हा कोणाच्या हाताचा? त्या हाताला काय मिळाले? आणि ज्याच्या जीवनातून हा उचलला त्याला तो सोडण्याचे स्वातंत्र्य होते काय? या प्रश्नांची उत्तरे देऊन जो मातकट रंग निवडील त्याचे घर सुंदरच असेल, मग तो कोणत्याही जातीचा असो. आणि जो निळा तेलरंग निवडील त्याने कोणापुढेही ओशाळे होऊ नये.

महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एक काम सुचवावेसे वाटते. आपल्या वस्त्यांत दोर वळणारे, सूप विणणारे, गोधडी शिवणारे वृद्ध हात अजून आहेत. त्यांच्याकडे जाऊन प्रत्येक विणीचे, टाक्याचे, गाठीचे नाव, तिला लागणारा वेळ, तिला मिळालेली किंमत आणि ती शिकविणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे, त्यांच्याच बोलीत. व्याकरणाच्या तासाला कर्मणी वाक्याचे कर्तरी करून दाखवा असा प्रश्न असतो. 'हाताने विणलेले सूप' हे वाक्य घ्यावे आणि त्याचा कर्ता शोधून, नावानिशी, त्याच्या जागी बसवावा.